नलूताईंची थ्री-एटी

नलूताई सबनीस कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी ती हातात धरून डोळे मिटायच्या. उलथनं असो, छत्री असो, नाही तर बागेतली कात्री. भर दुकानात उभ्या राहून हात पुढे लांब करायच्या, मनगट जरासं हलवायच्या आणि डोळे मिटून तशाच थांबायच्या. येणारी-जाणारी माणसं वळसा घालून जायची. मी लाजून दुसऱ्या रांगेत सटकायचे. मग मागून त्यांचा खणखणीत आवाज यायचा, "विमल, हे नाही पटून राहिलं गं हाताला!" आणि ती वस्तू पुन्हा फळीवर जायची.

रिया, ओम, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला विचारलंत, "आजी, नलूआजीकडे खरंच गन होती का?" आणि तुमच्या आईने विषय बदलला. पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावं, असं मी शाळेत इंग्रजी शिकवताना मुलांना जन्मभर सांगत आले. तेव्हा हे उत्तर. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून आईने वाचून दाखवावं. तिथे सिडनीत रविवारी तिला वेळ असतो. हो, होती. आणि ती त्यांनी कशी निवडली हे सांगितलं, की नलूताई कशा होत्या ते वेगळं सांगायला नको.

आम्ही ह्यूस्टनपासून तासाभरावरच्या या गावात राहायला आलो, तेव्हा इथे मराठी घरं मोजकीच होती. मला खोकला झाला होता. औषध घ्यायला गेले, तर काउंटरमागे पांढऱ्या कोटातली, ठेंगणी, कुंकू लावलेली बाई. तिने माझी चिठ्ठी वाचली, मग मला वाचलं आणि विचारलं, "पुण्याच्या का?" मी हो म्हणाले. "मग सिरप घ्या. साखरेशिवाय तुमच्या घशाखाली काही उतरत नाही." त्या नागपूरच्या. आमची मैत्री तिथून सुरू झाली आणि टोमणेही तिथूनच.

दुकान त्यांचं स्वतःचं होतं. सबनीसकाका गेल्यावर ते त्या एकट्याने चालवायच्या. पेशंटच्या बाबतीत त्यांचं एकच सूत्र होतं: "जे पेशंट घेईल तेच औषध." गुरं पाळणारा एक म्हातारा डॉक्टरांनी दिलेल्या मोठाल्या गोळ्या नेऊन घरच्या बरणीत नुसत्या साठवत होता. गिळता येत नव्हत्या आणि सांगायची लाज. नलूताईंनी त्याच्या तोंडून ते काढून घेतलं, डॉक्टरांना फोन लावला आणि तेच औषध पातळ करून दिलं. मला म्हणाल्या, "डॉक्टरचं औषध पुस्तकात चांगलं असतं गं. माझं पोटात जावं लागतं."

एका हिवाळ्यात, दुकानाला कुलूप लावून त्या गाडीकडे निघाल्या असताना एका माणसाने त्यांना पार्किंग लॉटमध्ये गाठलं. त्याला दुकानातली वेदनाशामक औषधं हवी होती. किल्ल्या घेण्यासाठी त्याने त्यांचं उजवं मनगट पिरगाळलं. तेवढ्यात एक ट्रक वळला, दिव्यांचा झोत पडला आणि तो पळाला. किल्ल्या त्यांच्या मुठीतच राहिल्या. मनगट मात्र लिंबाएवढं सुजलं. त्यांच्या अंगठ्यात संधिवात आधीपासून होताच.

दुसऱ्याच दिवशी मंदार, त्यांचा एकुलता एक मुलगा, फ्रीमाँटहून विमानाने आला. मी पिठलं-भात घेऊन गेले होते, म्हणून पुढचं सगळं मी ऐकलेलं आहे.

"आई, बस झालं. सेल द स्टोअर. फ्रीमाँटला ये. खालची बेडरूम तुझीच आहे, बाथरूम अटॅच्ड आहे."

"मला बाथरूम नाही पाहिजे. दुकान पाहिजे."

"तुला औषधाच्या बाटलीचं झाकण उघडत नाही, आई! परवा व्हिडिओवर मी पाहिलं. हाऊ विल यू प्रोटेक्ट युअरसेल्फ?"

ते त्यांना लागलं. बाटल्यांमध्ये आयुष्य गेलेल्या बाईला झाकणावरून बोलायचं म्हणजे काय! त्यांनी पिठल्याचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "मी पिस्तूल घेते. परीक्षा देऊन लायसन्स काढते. पहिल्या फटक्यात पास झाले, तर तू फ्रीमाँटचं नाव काढायचं नाही. नापास झाले, तर दुकान विकते आणि तुझ्या त्या खालच्या खोलीत येऊन पडते. बोल."

"आई, टेक्ससमध्ये स्वतःच्या दुकानात पिस्तूल ठेवायला लायसन्स लागत पण नाही."

"मला लागतं. मी जन्मात चिठ्ठीशिवाय कोणाला गोळी दिली नाही."

मंदार हसला नाही. पण त्याने हात पुढे केला आणि त्यांनी डाव्या हाताने तो धरला. मुदत ठरली दसऱ्याची. साडेतीन मुहूर्तांतला एक सोडून नलूताई परीक्षेला बसणाऱ्या नव्हत्या.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं, "नलूताई, मला हे मुळीच पसंत नाही."

"तुला पसंत कर म्हणून कोण सांगून राहिलं? तू फक्त सोबत ये."

तोवर रोज संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या वेळी तुमचे आजोबा तिथे जाऊन उभे राहायचे. आजोबांची उंची तुम्हाला माहीतच आहे. चोराला त्यांची दया आली असती, एवढीच आशा.

आता पिस्तूल घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो कॅलिबरचा. कॅलिबर म्हणजे साध्या भाषेत गोळीची जाडी. इथल्या मराठी मंडळात ही बातमी पोचल्यावर गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत दुसरा विषयच उरला नाही. आपले साधे, वरणभात खाणारे पुरुष अचानक तज्ज्ञ झाले. "नऊ एमएम घ्या काकू, सगळे पोलीस तेच वापरतात." मंडळाचे अध्यक्ष देशपांडे तेल कंपनीत इंजिनिअर. त्यांच्याकडे फॉर्टी-फाईव्ह होतं, म्हणजे त्या सगळ्यांतली जाडजूड गोळी. ते म्हणाले, "वहिनी, छोटं घेऊन उपयोग नाही. एकात आडवा झाला पाहिजे." नलूताईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, मोदक खाल्ला आणि म्हणाल्या, "पाहू. हाताला विचारते."

हाताला विचारायची जागा म्हणजे गावाबाहेरची शूटिंग रेंज. तिथे शिकवणारी बेव्हर्ली ही शेरीफच्या खात्यातून निवृत्त झालेली उंच, पांढऱ्या वेणीची बाई. आम्ही दोघी सलवार-कमीज आणि कानांवर मोठाली हेडफोनसारखी कवचं घालून तिच्यापुढे उभ्या राहिलो. मला वाटलं, ही हसेल. ती हसली नाही. तिने नलूताईंचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला, अंगठा हलवून पाहिला आणि विचारलं, "व्हेअर डझ इट हर्ट, हनी?" नलूताई मला मराठीत म्हणाल्या, "ही बाई कामाची आहे. आधी पेशंट पाहून राहिली."

मग तिने टेबलावर एकेक पिस्तूल मांडलं आणि समजावलं. गोळी जितकी जाड, तितकी जखम मोठी, हे खरं. पण तितकाच हाताला बसणारा धक्काही मोठा. पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, स्लाइड, तो मागे खेचून सोडल्याशिवाय पहिली गोळी नळीत चढत नाही. आणि गोळी दमदार असली की ती स्लाइडही बहुधा कडक असते.

फॉर्टी-फाईव्हची स्लाइड नलूताईंना तसूभर हलली नाही. छोटं, हलकं नऊ एमएम त्यांनी स्लाइड कशीबशी खेचून उडवलं. मनगट असं उसळलं की डोळ्यांत पाणी आलं आणि गोळी कागदाच्या बाहेर. रिव्हॉल्व्हरला स्लाइड नसते, म्हणून मी हळूच तिकडे बोट दाखवलं. पण त्याचा चाप बोटाला फारच जड गेला. शेवटी ट्वेंटी-टू, अगदी बारीक गोळीचं. ते पंखासारखं चाललं. मला वाटलं, झालं काम. बेव्हर्ली म्हणाली, हे चांगलं आहे, फक्त याची गोळी कधीकधी पेटतच नाही. नलूताईंनी ते लगेच खाली ठेवलं. "कधीकधी लागू पडणारं औषध मी दुसऱ्याला देत नाही, स्वतःला काहून देऊ?"

मग बेव्हर्लीने मागच्या कपाटातून एक पिस्तूल आणलं. कॅलिबर थ्री-एटी: नऊ एमएमच्याच जाडीची, पण आखूड आणि मवाळ गोळी. पिस्तूल अंगाने थोडं वजनदार, म्हणून धक्का कमी. आणि स्लाइड मुद्दाम सैल बनवलेली. बेव्हर्लीने युक्ती शिकवली: स्लाइड ओढायची नाही. डाव्या तळव्याने ती घट्ट धरायची आणि उजव्या हाताने पिस्तूलच पुढे ढकलायचं. नलूताईंनी ढकललं. खटक! त्यांनी रिकामं पिस्तूल निशाण्याकडे लांब धरलं, मनगट जरासं हलवलं आणि डोळे मिटले.

बेव्हर्ली ओरडली, "आइज ओपन, मॅम!"

डोळे उघडून नलूताई म्हणाल्या, "धिस वन. हाताला पटलं."

देशपांड्यांना हे मुळीच पटलं नाही. भोंडल्याला सगळे जमले असताना ते म्हणाले, "थ्री-एटी? वहिनी, त्यापेक्षा गोफण घ्या. खडा तरी मोठा असतो."

"देशपांडे, तुमची फॉर्टी-फाईव्ह कुठे आहे आत्ता?"

"घरी. कपाटात."

"काहून?"

"जड होते हो. कमरेला टोचते."

"म्हणजे चोर आला की त्याला म्हणणार, थांब बाप्पा, मी घरी जाऊन येतो?"

बायका भोंडल्याचं गाणं सोडून हसल्या. सगळ्यात मोठ्याने मिसेस देशपांडे. नलूताईंनी त्यांना खिरापतीचा डबा दिला आणि वर सांगितलं, "कपाटातल्या औषधाने ताप उतरत नाही."

खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. आजोबांच्या स्क्रू-ड्रायव्हरला तुम्ही कुंकू लावलं होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी नलूताईंनी देवासमोर पाट मांडला. त्यावर दुकानातलं गोळ्या मोजायचं तबक, विळी, सबनीसकाकांचा पाना आणि मधोमध थ्री-एटी. बेव्हर्लीचा नियम होता की पिस्तूल ठेवायचं ते रिकामं आणि स्लाइड मागे अडकवून, उघडं, म्हणजे आत गोळी नाही हे सगळ्यांना दिसतं. नलूताई नियमाच्या पक्क्या. गोळ्या भरायची डबी, म्हणजे मॅगझिन, दुसऱ्या खोलीत आणि पिस्तूल चिमणीच्या पिल्लासारखं आ वासून पाटावर. आम्ही दोघींनी हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि मूठभर अक्षता टाकल्या. त्यांनी हात जोडले. "उद्या लाज राख," एवढंच म्हणाल्या. नंतर फडक्याने पुसून ते डब्यात ठेवलं.

दसऱ्याच्या सकाळी रेंजवर काचेमागे मी आणि मंदार उभे होतो. आदल्या संध्याकाळीच तो आला होता. परीक्षा तीन अंतरांवरून होती: जवळ, मध्यम, लांब. सुरू करण्यापूर्वी बेव्हर्लीने बजावलं की मधे काही अडकलं तर ज्याचं त्याने निस्तरायचं. तिने हात लावला, की परीक्षा तिथेच संपली.

जवळच्या गोळ्या छान लागल्या. मधल्याही. मंदार तोंडातल्या तोंडात "कम ऑन, आई" म्हणत होता. मी त्याच्याकडे पाहिलं. आई पास झाली तर ती इथेच, या गावात, त्या पार्किंग लॉटमध्ये राहणार होती, आणि तरीही तो तसं म्हणत होता.

लांबच्या अंतरावर त्यांनी नवं मॅगझिन घातलं, स्लाइड सोडली आणि चाप ओढला. काहीच झालं नाही. पुन्हा ओढला. नाही. स्लाइड पूर्ण मिटलीच नव्हती. नखाएवढी फट राहिली होती. काचेतून मला नलूताईंची फक्त पाठ दिसत होती. ती पाठ ताठ झाली. बेव्हर्लीने दोन्ही हात मागे बांधले.

नलूताईंनी नळी निशाण्याकडेच ठेवून मॅगझिन काढलं. डाव्या हाताच्या चिमटीत धरून स्लाइड खेचून पाहिली, अंगठा सटकला. पुन्हा खेचली; पुन्हा सटकला. मंदारने काचेवर तळवा टेकला. मग त्या थांबल्या, खांदे खाली सोडले, डावा तळवा स्लाइडवर घट्ट बसवला आणि ओढण्याऐवजी पिस्तूल पुढे ढकललं. खटक. आत अडकलेली गोळी उसळून खाली पडली आणि तिच्यामागून टेबलावर एक लालसर तांदळाचा दाणा.

बेव्हर्ली वाकली. "हनी, इज दॅट राइस?"

"इट इज अ ब्लेसिंग," नलूताई म्हणाल्या.

"वेल, टेक द ब्लेसिंग आउट अँड शूट."

त्यांनी फुंकर मारली, आत बोट फिरवून पाहिलं, मॅगझिन घातलं आणि उरलेल्या सगळ्या गोळ्या कागदावर मारल्या. पास झाल्या. काठावर नव्हे, चांगल्या पास झाल्या. देशपांड्यांचं पिस्तूल असतं, तर तो दाणा काढायला देशपांडेच लागले असते.

इथे आपटा मिळत नाही. आमच्या अंगणातल्या रेडबडची पानं त्याच्यासारखीच हृदयाच्या आकाराची असतात, तीच आम्ही सोनं म्हणून वाटतो. नलूताईंनी पहिलं पान बेव्हर्लीला दिलं. मंदारने आईला वाकून नमस्कार केला, पान तिच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "ओके. फ्रीमाँट इज क्लोज्ड." त्यांनी त्याच्या गालावर हात ठेवला. "दिवाळीला येईन की रे. तुझी अटॅच्ड बाथरूम पाहायला."

त्यानंतरची सगळी वर्षं पिस्तूल त्यांच्या कोटाखाली होतं आणि एकदाही बाहेर निघालं नाही. तो माणूसही पुन्हा आला नाही. पिस्तुलामुळे आला नाही का, हे मला माहीत नाही. त्यांनाही नव्हतं आणि त्यांनी कधी तसा दावा केला नाही. मला आजही माझ्या घरात ती वस्तू नको. आम्ही यावर शेवटपर्यंत भांडलो. "तुझं औषध वेगळं, माझं वेगळं," असं म्हणून त्या चहा टाकायच्या.

खंडेनवमीची पूजा मात्र दर वर्षी आम्ही बरोबर केली. पद्धत बदलली होती. मॅगझिन काढायचं, स्लाइड मागे खेचून दोघींनी आत पाहायचं. "रिकामं?" "रिकामं." मग स्लाइड मिटायची, पिस्तूल प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं आणि हळद-कुंकू पिशवीवर.

एका वर्षी स्लाइड खेचली गेली नाही. त्यांनी नेहमीसारखा डावा तळवा बसवला आणि उजव्या हाताने ढकललं. हलली नाही. हात पदराला पुसले, पुन्हा ढकललं. निरांजन तेवत होतं. मी म्हणाले, "द्या इकडे, मी बघते."

"नाही. तू खेचलीस, तर ते तुझं झालं."

"मग ते बारीकवालं घ्या ना, ट्वेंटी-टू. आता तुम्हाला सवय आहे."

त्या माझ्याकडे पाहून हसल्या. जिला पिस्तूल मुळीच पसंत नव्हतं, तिने पिस्तूल सुचवावं! मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं, उलटा करून, सुलटा करून. बेव्हर्लीने पेशंटचा पाहिला होता तसा. "बाटल्यांची झाकणंही कधीची ती काउंटरवरची पोरगी उघडून देते," त्या म्हणाल्या. "हात सांगून राहिला होता. मीच ऐकत नव्हते."

त्या वर्षी पाटावर पिस्तूल ठेवलं गेलं नाही. आत गोळी नाही याची खात्री झाली नव्हती आणि नियम म्हणजे नियम. आम्ही तबक, विळी आणि पाना पुजला. आरती झाल्यावर, बोटांना कुंकू तसंच असताना, त्यांनी फोन लावला. "मंदार, ती खालची खोली आहे ना रे अजून? ... नाही, पडले-बिडले नाही. कोणी काही केलं नाही. मीच येऊन राहिले."

बेव्हर्ली येऊन पिस्तूल मोकळं करून घेऊन गेली. ती आता दुखऱ्या हातांच्या बायकांना त्याच्यावर शिकवते. दुकान एका तरुण फार्मासिस्ट मुलीने घेतलं. नलूताईंनी जाताना तिला गोळ्या मोजायचं तबक दिलं. पण आधी ते तिच्या हातात ठेवून डोळे मिटायला लावले. फ्रीमाँटमध्ये त्यांनी शेवटची वर्षं मजेत काढली, सुनेशी फोडणीवरून भांडत. गेल्या वर्षी त्या गेल्या. तुम्ही व्हिडिओवर त्यांना पाहिलंत ते तिथेच.

माझ्या गुडघ्याला आता काठी लागते. मागच्या आठवड्यात घ्यायला गेले. मुलीने फोनवरून तीन चांगल्या काठ्यांची नावं सांगितली होती, विक्रेत्याने सगळ्यात महागडी पुढे केली. मी ती परत केली. भर दुकानात उभी राहिले, एकेक काठी हातात घेतली, हात लांब केला आणि डोळे मिटले. माणसं वळसा घालून जात होती. आजोबा दुसऱ्या रांगेत सटकले.

चौथी पटली.